कारवानी घ्यायचं तर आधी म्हातारी कुत्री बघा

आमच्या घरात कारवानी कुत्रं घ्यायचं ठरलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. नानांचं लहानपण जत तालुक्यातलं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती आणि मेंढरांसोबत कायम कारवानी कुत्री असायची. आम्ही सांगलीच्या बाहेर, द्राक्षबागेला लागून घर बांधलं, मागं बरीच मोकळी जागा राहिली, तेव्हा कुत्रं पाळायचं हे ओघानंच आलं. लेकीला लॅब्रॅडॉर हवा होता. नाना म्हणाले, "चाळीस डिग्रीच्या उन्हात त्या केसाळ जनावराला कशाला पोळवायचं? आपलं कारवानी आणा." लेकीनं फोनवर फोटो शोधले, ती लांब मान, ते टपोरे डोळे पाहिले आणि लॅब्रॅडॉरचा विषय तिथंच संपला.

ज्यांना ही जात ओळखीची नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कारवानी हे दख्खनच्या पठारावरचं शिकारी कुत्रं. वासावर नाही, नजरेवर धावणारं. बागलकोट, विजयपूरपासून आपल्या सांगली, सोलापूर, लातूर, नांदेडपर्यंत धनगर, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते पाळत आले. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्यानं, त्यातही मालोजीराव घोरपड्यांनी, या जातीला आश्रय दिला म्हणून मुधोळ हाउंड हे नाव पडलं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआय) नोंदीत ते कॅरव्हान हाउंड आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत मुधोळ हाउंड. कानाला, शेपटीला रेशमी केसांच्या झालरी असतील तर गावाकडं त्याला पश्मी म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं. नंतर ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळचं नाव घेतलं, आणि तोवर शेतकऱ्याच्या दारात बसणाऱ्या या कुत्र्याला शहरातून मागणी सुरू झाली. मागणी आली की तिच्यामागून दलाल येतात. आम्ही शोधाला लागलो तेव्हा बाजार असा चांगलाच तापलेला होता.

सुरुवात फोनवरूनच झाली. जाहिरातींना तोटा नव्हता. सहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत वाट्टेल तो भाव. "ओरिजिनल मुधोळ", "केसीआय पेपरसह", "डबल बोन". हा शेवटचा शब्द, म्हणजे जाड हाडांचं, मी लॅब्रॅडॉर विकणाऱ्यांकडून ऐकला होता. कारवानीसारख्या सडसडीत जनावराला तो लावलेला पाहिला तेव्हाच लक्षात आलं की लिहिणाऱ्याला या जातीतलं काही कळत नाही. मी फोन करायचे आणि तीनच गोष्टी विचारायचे. पिल्लं कुठं जन्मली, आई बघायला मिळेल का, वय किती. बहुतेकांची उत्तरं ठरलेली. आई गावाकडं आहे. पिल्लू तीस-पस्तीस दिवसांचं आहे. येताय कशाला, मिरज स्टँडवर आणून देतो, फक्त दोन हजार ॲडव्हान्स टाका. एकानं आईचा फोटो पाठवला. तोच फोटो दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या माणसानंही पाठवला, मागची निळी भिंत आणि भिंतीवरचं सिमेंटचं नावही तेच.

मिरजेच्या आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. चावायचं किती आणि कधी थांबायचं हे ते पाठच्या भावंडांशी खेळता खेळता शिकतं. आधी उचललेलं पिल्लू मोठेपणी दात आवरत नाही किंवा कशालाही बिचकतं. शिवाय आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरायला लागण्याचा काळ नेमका तोच असतो. त्याच वेळी त्याला गाडीतून, बाजारातून, चार अनोळखी हातांतून फिरवलं की पार्व्होला आयतं सापडतं. पार्व्होचा विषाणू मातीत, फरशीच्या सांध्यांत महिनोन्‌महिने तग धरतो. आज घरी आणलेलं हसतंखेळतं पिल्लू आठवड्याभरात रक्ताचे जुलाब होऊन टेबलावर येतं, आणि घरातली पोरं दारात उभी राहून रडत असतात, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. "स्टँडवर मिळणारं पिल्लू घेऊ नका," ते म्हणाले. "दया आली तरी घेऊ नका. तुम्ही एक घेतलं की तो आणखी चार आणतो."

कायदा काय सांगतो तेही त्यांच्याकडूनच कळलं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारनं २०१७ साली नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी कातडीखाली ओळख नंबराची मायक्रोचिप बसवायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला नराला लावायचं नाही, आठ वर्षांनंतर लावायचं नाही, लागोपाठच्या माजाला वेत घ्यायचं नाही आणि तिच्या जन्मात पाचापेक्षा जास्त वेतं नाहीत. हे ऐकल्यावर माझं फोनवरचं काम हलकं झालं. पस्तीस दिवसांचं पिल्लू म्हटलं की मी नमस्कार करून फोन ठेवू लागले. यादी झपाट्यानं आखडली.

उरलेल्यांपैकी एक जण बरा वाटला. बोलणं गोड, जागा मोठी, "कधीही या" असं म्हणणारा. आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंनी पिंजरे, फिनेलचा वास, आणि जातींची नुसती जत्रा. डॉबरमन, पामेरियन, शिट्झू आणि शेवटच्या पिंजऱ्यात कारवानी. पिल्लं महिन्याभराची दिसत होती, म्हणजे अजून आईला पिणारी. मी आई दाखवा म्हटलं. जरा वेळानं एक पोरगा साखळीला धरून एक मादी घेऊन आला. देखणी होती, नाकी-डोळी अगदी नीटस. नाना खाली बसले, तिला वास घेऊ दिला, हळूच पोटाखालून हात फिरवला आणि उठले. पोट सपाट, घट्ट. थानं बारकी, कोरडी. महिन्याभरापूर्वी व्यालेल्या, पाच-सहा पिल्लांना पाजणाऱ्या मादीचं पोट कसं असतं हे शेळ्या-मेंढरांत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. थानं ओघळलेली असतात, त्यांच्याभोवती पिल्लांच्या नखांचे ओरखडे असतात, अंगावरची चरबी उतरलेली असते. आणि पिल्लंही तिच्याकडं झेपावली नाहीत. आई समोर आलीय आणि भुकेली पिल्लं गप्प बसून आहेत असं होत नाही. नाना काही न बोलता गाडीत जाऊन बसले. वाटेत एवढंच म्हणाले, "खरी आई दाखवण्यासारखी राहिली नसंल."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. पिल्लू सगळ्यांना हवं असतं, ते गोंडस असतं, त्याचा फोटो छान येतो. त्याच्यामागं एक मादी असते, जिला दर माजाला लावून लावून संपवलेलं असतं, आणि ती गिऱ्हाइकाच्या नजरेआड ठेवतात. आपण दिलेल्या पैशातला प्रत्येक रुपया तिच्या पुढच्या वेताची सोय असतो. मला पिल्लू हवं होतं, पण त्या मादीच्या जिवावर नको होतं.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. इकडं कुत्र्यांच्या शर्यतींचा नाद मोठा. शर्यतीसाठी ग्रेहाउंड आणतात आणि कारवानीवर ग्रेहाउंडचा संकर सर्रास होतो. एका शर्यतीवाल्याकडं आम्ही गेलो होतो, त्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, "ताई, ह्यात चार आणे ग्रेहाउंड हाय. तुम्हाला शुद्ध पाहिजे असंल तर हे न्हवं." आणि मग दोन मोठी कुत्री शेजारी शेजारी उभी करून त्यानं फरक दाखवला. ग्रेहाउंडच्या मांड्या भरीव, गोल, पाठीला बाक, कान लहान आणि मागं दुमडलेले. कारवानीचं डोकं लांब आणि अरुंद, कान मध्यम आकाराचे आणि गालाला लागून लोंबणारे, मांड्या सपाट, कमरेची हाडं वर दिसणारी. उंचीला नर साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादी ६४ ते ६८. "पण हे सगळं मोठ्या कुत्र्यात," तो म्हणाला. "दोन महिन्यांच्या पिल्लात मला सुद्धा कळत न्हाई."

या एका बोलण्यानं आमच्या शोधाची दिशाच बदलली. पिल्लात काही कळत नसेल तर पिल्लं बघत फिरण्यात अर्थ काय? जात, स्वभाव, हाडपेर, आजार, सगळं कळतं ते मोठ्या कुत्र्यांत, आणि सगळ्यात जास्त कळतं म्हाताऱ्यांत. दहा वर्षांचं कुत्रं अजून नीट चालतंय का, त्याचे डोळे कसे आहेत, ते माणसाला पाहून लपतं की उठून येतं, यात त्या घराण्याचा सगळा हिशोब असतो. त्यानंतर मी फोनवर पहिला प्रश्न बदलला. "तुमच्याकडची म्हातारी कुत्री बघायला मिळतील का?" असं विचारू लागले. बहुतेक ठिकाणी पलीकडं शांतता पसरायची. ज्या माद्या वितात त्यांचं वय झाल्यावर काय होतं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नव्हता. "देऊन टाकतो", "शेतावर सोडतो" अशी उत्तरं मिळाली. सोडतो म्हणजे काय ते कळण्याइतकी मी खेड्यात राहिले आहे.

मध्ये एकदा मुधोळला जाऊन आलो. मिरज, कागवाड, अथणी, जमखंडी असा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस. घटप्रभेच्या काठचं हे गाव नानांना एकदा बघायचंच होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथं मुधोळ हाउंडची पैदास आणि अभ्यास चालतो, आसपासच्या शेतकऱ्यांनाही जोडधंदा म्हणून त्यात आणलं आहे. पिल्लासाठी आधी नाव लिहून ठेवावं लागतं आणि आमचा नंबर लवकर लागण्यासारखा नव्हता. पण एका जागी इतकी मोठी, जातिवंत कुत्री पाहायला मिळाली की नजर तयार झाली. पायांचे पंजे लांबट आणि बोटं कमानदार, छाती खोल, पोट आत ओढलेलं. आणि स्वभाव. कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही. भुंकून अंगावर येत नाही, पण एक पाऊल मागं सरकून तुमच्याकडं बघत राहतं. कुणी म्हणेल माणूसघाणं आहे. मला तो त्याचा अदबीनं राखलेला आब वाटला. ज्याला येता-जाता शेपूट हलवणारं, पाहुण्यांच्या मांडीवर चढणारं कुत्रं हवं असेल त्यानं ही जात घेऊच नये, हे मला तिथं नीट कळलं.

अण्णांचा पत्ता मिळाला तो त्या शर्यतीवाल्याकडूनच. जत तालुक्याच्या पूर्वेला, विजयपूरच्या सीमेकडं त्यांची वस्ती. फोनवर म्हणाले, "आत्ता पिल्लं न्हाईत. दिवाळीच्या पुढं-मागं बघू. तरीबी या, च्या प्यायला या." पिल्लं नसताना या म्हणणारा हा पहिलाच माणूस.

गेलो तेव्हा ओसरीवर पोत्यावर एक कुत्री झोपली होती. तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर निळसर झाक. आमची चाहूल लागली तशी मान उचलली, उठली, मागचा एक पाय जरा ओढत आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. अण्णांनी ओळख करून दिली, "ही रखमा. बारा वर्षांची. हिच्या तीन वेतांवर मी थांबलो." आतून आणखी एक म्हातारा नर आला. कोंबड्या त्याच्या पायांतून फिरत होत्या आणि तो त्यांच्याकडं बघतही नव्हता. माझा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. उत्तर समोर येऊन उभं होतं.

मग अण्णांनी प्रश्न सुरू केले. घर कुठं, मोकळी जागा किती, कंपाउंड किती उंच. चार फूट म्हटल्यावर नाही म्हणाले. "सहा करा. हे कुत्रं चार फूट उभ्या-उभ्या मारतंय." घरात दिवसभर कोण असतं? नाना असतात. बांधून ठेवणार का? "दिवसभर बांधणार असशीला तर माझं पिल्लू मिळायचं न्हाई, आत्ताच सांगतो." घरात कोंबड्या, मांजर? रस्ता किती लांब? ससा दिसला तर हे कुत्रं कुणाचं ऐकत नाही, डोळ्यांसमोर फक्त ससा असतो, त्यामुळं उघड्या माळावर साखळी सोडायची नाही. शिकारीसाठी तर नाही ना न्यायचं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे आणि शिकारीला नेणाऱ्याला पिल्लू द्यायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलेलं. माझ्या लेकीला वेगळं बसवून विचारलं, "तुझी शाळा सुटल्यावर त्याला फिरवणार कोण?" तिनं स्वतःचं नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, "बघू."

भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणीपत्र काच लावून टांगलं होतं. पुतण्यानं खेटे घालून काढून आणलेलं. पण मला त्याहून मोलाची वाटली ती त्यांची वही. लाल कापडी बांधणीची, दुकानात उधारीची असते तसली. त्यात प्रत्येक मादीचं पान. कधी माजावर आली, कोणत्या नराला लावली, कधी व्याली, किती पिल्लं, किती जगली, कुठं गेली. एका पिल्लाच्या नावापुढं "मेलं, जन्मतः टाळू फाटलेला" असं लिहिलं होतं. एका ठिकाणी "ही जोडी परत नको". मी कारण विचारलं. त्या वेतातली दोन पिल्लं फार भित्री निघाली, ढगांच्या आवाजानं अंग टाकायची. त्या जोडीतल्या नर-मादीचा आजा एकच होता, हे नंतर पान उलटून बघताना लक्षात आलं. गावोगावी नात्यातल्या नात्यात कुत्री लावतात, नर गावात एकच असतो, मग लेकीला बाप आणि बहिणीला भाऊ असं चालतं आणि जात आतून पोखरत जाते, असं ते पोटतिडकीनं बोलत होते. म्हणून या वेळचा नर त्यांनी नांदेडकडून, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या श्वान प्रदर्शनात पाहून ठरवला होता. त्याच्या मालकाकडं स्वतः जाऊन त्याची आई आणि आजी बघून आले होते. खाण तशी माती, एवढंच म्हणाले.

माझं मत विचाराल तर केनेल क्लबचा कागद हवाच. त्यावर तीन पिढ्यांची नावं असतात, चिपचा नंबर असतो आणि उद्या कुणी वाद घातला तर दाखवायला पुरावा असतो. पण कागद कुठल्या कुत्र्याचा आहे हे कागद सांगत नाही. एका वेताच्या कागदांवर दुसऱ्याच पिल्लांची विक्री झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे. म्हणून चिप स्कॅन करून तिचा पंधरा आकडी नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघायचा, आणि तो आपल्या डॉक्टरांच्या स्कॅनरवर बघायचा. आणि वही असलेल्या माणसाकडं जायचं. वही खोटी लिहायची तर वर्षानुवर्षं खोटी लिहावी लागते, आणि त्यात कुणी "टाळू फाटलेला" असं लिहीत नाही.

पिल्लं झाली ती दिवाळीनंतर. अण्णांचा फोन आला, "गंगी व्याली. सात. एक बारीक हाय, बघू टिकतंय का." बारकं टिकलं. तीन आठवड्यांची झाल्यावर आम्हाला बघायला बोलावलं. गंगीनं आधी आम्हाला लांब ठेवलं, अण्णांच्या घरच्या काकी तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिल्या तेव्हा कुठं जरा सैलावली. तिचं पोट तसंच होतं जसं व्यालेल्या मादीचं असतं, थानांवर ओरखडे, पण अंगावर मांस होतं, डोळ्यांत तेज होतं. काकी तिला ज्वारीची आंबील, दूध आणि अंडी दिवसातून तीनदा घालत होत्या. पिल्लं माणसांच्या घरातच, चुलीशेजारच्या खोलीत होती. भांडी पडत होती, रेडिओ चालू होता, नातवंडं आरडाओरडा करत होती, आणि त्या सगळ्यात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. वेगळं काही शिकवायचीच गरज नव्हती.

कोणतं घ्यायचं हे अण्णांनी ठरवलं. लेकीला पांढऱ्या छातीचा एक दांडगा नर आवडला होता, सगळ्यांना ढकलून पुढं येणारा. अण्णा म्हणाले, "तो शेतावरच्या माणसाला. तुझ्याकडं म्हातारा आजा हाय, त्याला हा ओढून पाडंल." त्यांनी एक बदामी रंगाची मादी दाखवली. ती आधी बाजूला बसून बघायची आणि मग स्वतःहून चालत यायची. आठवडाभर मुलगी जरा हिरमुसली होती. पण पिल्लांना जन्मल्यापासून दिवसरात्र बघणाऱ्याला अर्ध्या तासाच्या पाहुण्यापेक्षा जास्त कळतं, हे मला मान्य करावंच लागलं. आता ती दुसऱ्या कुठल्या पिल्लाचं नाव काढू देत नाही.

नऊ आठवडे पूर्ण झाल्यावर पिल्लू आणलं. पंधरा हजार रुपये, आणि पैशांची पावती. जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी दिल्याच्या तारखा. लसीच्या कार्डावर बाटलीवरचा स्टिकर चिकटवलेला, बॅच नंबर आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह. हा स्टिकर जरूर बघा. नुसतं पेनानं "लस दिली" असं लिहिलेलं कार्ड कुणीही लिहू शकतो. वर एक साधा कागद होता, दोघांच्या सह्यांचा. पिल्लू ठेवणं जमलं नाही तर कुठल्याही वयात ते अण्णांकडंच परत आणायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, विकायचं नाही. दीड वर्षाच्या आत लावायचं नाही, आणि लावायचं झालं तर आधी त्यांना विचारायचं. तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि काही खोट निघाली तर पैसे परत. निघताना काकींनी गंगी झोपायची त्या गोधडीचा तुकडा फाडून दिला. पहिल्या रात्री ते पिल्लू त्यावरच झोपलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. बेंबी, दात, टाळू, छाती, गुडघ्याच्या वाट्या. चिपचा नंबर जुळला. पुढच्या लसी ठरल्या, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. त्या पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागेवर खाली सोडायचं नाही. एक गोष्ट त्यांनी कार्डावर लाल शाईनं लिहून दिली. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळं भुलीची काही औषधं यांच्या शरीरात जास्त वेळ राहतात. उद्या कुठंही ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्याला ही जात आधी सांगायची. अण्णांनीही हेच सांगितलं होतं, त्यांच्या शब्दांत. "सुई टोचणाऱ्याला म्हणावं, हे बारक्या अंगाचं जनावर हाय, दमानं घ्या."

कंपाउंड सहा फुटांचं केलं. नाव ठेवलं चंद्रा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णांचा फोन येतो, वजन आणि उंची विचारतात, वहीत लिहून घेतात. बाकी सहा पिल्लांचीही अशीच नोंद चालू आहे. चौथ्या महिन्यात वजन जरा जास्त भरलं तेव्हा नानांना चांगलंच बोलणं बसलं, कारण नाना ताटातली भाकरी तूप लावून तिला घालत होते. चंद्राच्या हाडांची वाढ पुरी होईपर्यंत अंगावर ओझं नको, असं अण्णांचं म्हणणं. नानांनी तूप बंद केलं, भाकरी अजून चालू आहे.

फिरायला नेलं की लोक थांबवून विचारतात, कुठून आणलं, आम्हालाही हवंय. मी नंबर देते, आणि हेही सांगते की गंगीला यंदा विश्रांती आहे, पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं पिल्लू नाही. काही जण नंबर घेतात आणि पुन्हा बोलत नाहीत. आमच्या गल्लीतले एक शिक्षक मात्र पिल्लू नसतानाच जतला चहा पिऊन आले आणि सध्या कंपाउंडची भिंत वाढवत आहेत.